ओसरीवरून : अरबीची संथा

तिसगांवीं आमच्या ओसरीवर दिवेलागणीनंतर जीं चार माणसें येऊन बसतात, त्यांपैकीं एकाची हकीकत आज वाचकांस सांगावयाची आहे. हे गृहस्थ गांवांतले शिंपी. शिंप्यास ‘मास्तर’ म्हणण्याची आपल्याकडे चाल आहे. त्याप्रमाणें सारा गांव त्यांना मास्तर म्हणतो, आणि मराठी शाळेंत त्यांच्याच बाकावर बसलेला मीही तसेंच म्हणतों. धर्मानें ते मुसलमान. वयानें माझ्याएवढे, म्हणजे साठी उलटलेले. मला ते ‘पंत’ म्हणतात. हांका अशा आदराच्या असल्या, तरी एकमेकांस अरेतुरे करण्याचा बाळपणचा हक्क आम्हां दोघांपैकीं कोणीही सोडलेला नाहीं.

एके दिवशीं दुकान बंद करून, गळ्यांतली टेप तशीच ठेवून मास्तर आले आणि म्हणाले, “पंत, हजच्या सोडतींत आमचीं दोघांचीं नांवें निघालीं. तूं मस्कतला अठरा वर्षें काढलींस. मला अरबी बोलायला शिकव.”

मीं हंसून म्हटलें, “अरे, मक्केच्या बाजारांत उर्दूवर काम भागतें. तुझ्यासारखे कितीतरी लोक दरसाल जाऊन येतात.”

“बाजाराची काळजी नाहीं रे. काळजी हिची आहे.”

भाभींना पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे. दोन्ही वेळां इन्सुलिन टोंचून घ्यावें लागतें, आणि एखादे वेळीं जेवण चुकलें तर साखर एकाएकीं उतरून त्यांची शुद्ध हरपते. “परक्या मुलखांत रात्रीं-अपरात्रीं तसें झालें, आणि समोरच्या माणसाला आपली भाषा येत नसली, तर मी काय हातवारे करीत बसूं?” असें मास्तरांनीं विचारलें. हा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. दुसऱ्याच दिवसापासून धडे सुरू झाले. निघावयास पांच महिने होते.

शिकवणारा चुकतो तो बहुधा आपल्या आवडीमुळें चुकतो. मला अरबीचें व्याकरण फार प्रिय, आणि ज्यांनीं लहानपणीं रूपावलि पाठ केली आहे त्यांना तें प्रिय वाटेलच. संस्कृताप्रमाणें त्या भाषेंत द्विवचन आहे : एक पुस्तक ‘किताब’, तर दोन पुस्तकें ‘किताबान’. धातु बहुतेक तीन व्यंजनांचे. नामांना तीन विभक्ति आहेत. आणि संधिही आहेत. ‘उत्’ व ‘लास’ मिळून आपण ‘उल्लास’ करतों, त्याच चालीवर ‘अल्’ हें उपपद ‘शम्स’ म्हणजे सूर्य या शब्दास लागलें कीं ‘अश्शम्स’ होतें. ‘क़मर’ म्हणजे चंद्र, त्यास लागलें तर मात्र ‘अल्क़मर’ असें जसेंच्या तसें राहतें. एकंदर २८ अक्षरांपैकीं १४ अक्षरें अशीं सूर्याच्या पंक्तीला बसतात आणि १४ चंद्राच्या. हें सारें मीं पहिल्या आठवड्यांत मास्तरांपुढें ओतलें. ते बिचारे वहींत लिहून घेत होते. आठव्या दिवशीं मीं विचारलें, “पाणी पाहिजे, हें कसें म्हणशील?” मास्तर वही चाळूं लागले. माझी आई ८६ वर्षांची आहे, ती आंतून म्हणाली, “अरे, वहींत सांपडेपर्यंत तहानेनें जीव जाईल त्याचा!”

त्या दिवशीं वही बंद केली. आपल्या घरांत विद्या कशी आली, याची मला आईच्या त्या एका वाक्यानें आठवण झाली. माझ्या वडिलांनीं मला संध्या शिकविली ती पुस्तकावरून नव्हे. ते एकदां म्हणत, मी दोनदां म्हणें. चुकलों तर तो चरण पुन्हां. हिला आपण संथा म्हणतों. बोलावयास शिकवायचें तर अरबीचीही संथाच दिली पाहिजे, असें मीं ठरविलें.

परंतु संथा द्यावयास बसलों आणि पहिल्याच शब्दाला गुरुशिष्यांचीं आसनें बदललीं. अरबींत कांहीं वर्ण असे आहेत कीं ते मराठी जिभेला मुळींच ठाऊक नाहींत. एक ‘ह’ आपल्यासारखा. दुसरा घशाच्या मध्यांतून येणारा, कांचेवर वाफ सोडून ती पुसावी तेव्हां जसा श्वास निघतो तसा. ‘ऐन’ नांवाचा वर्ण घशाचा तळ आंवळून काढावा लागतो. एक ‘क’ आपला, दुसरा ‘क़’ पडजिभेजवळचा. स, द, त यांचीं जड भावंडें निराळींच. मी हे वर्ण मस्कतला हमालांकडून, दुकानदारांकडून आणि कचेरींतल्या सोबत्यांकडून जसे कानीं पडले तसे उचलले होते. मास्तरांना मात्र सहाव्या वर्षीं मशिदींत हाफिजांनीं समोर बसवून, छडी हातांत घेऊन, कोणता वर्ण कोठून निघतो हें घटवून घेतलें होतें. मीं एक शब्द उच्चारला, तशी ते म्हणाले, “पंत, तुझा ‘ह’ दारांतूनच परत जातोय. आंतून काढ.” मी शिकवणारा, आणि संथा मलाच मिळूं लागली!

हा बारीकपणा निरर्थक नाहीं, याचा अनुभव मला मस्कतला पहिल्याच महिन्यांत आला होता. एका वृद्ध गृहस्थांनीं माझ्यावर उपकार केला, म्हणून मीं त्यांना “आपलें हृदय थोर आहे” असें म्हणावयास गेलों. हृदय म्हणजे ‘क़ल्ब’. मीं आपल्या ‘क’नें ‘कल्ब’ म्हटलें, आणि त्याचा अर्थ कुत्रा! म्हातारा सज्जन होता. तो मोठ्यानें हंसला आणि त्यानें माझ्याकडून तो शब्द दहा वेळां म्हणवून घेतला. सगळेच इतके सज्जन नसतात.

वाचकांस येथें एक नवल सांगतों. आठव्या शतकांत बसऱ्यास खलील इब्न अहमद नांवाचा मोठा वैयाकरण होऊन गेला. त्याच्या नांवावर असलेला ‘किताबुल ऐन’ हा कोश अलिफ-बे या नेहमींच्या क्रमानें लावलेला नाहीं. तो घशाच्या तळापासून, म्हणजे ‘ऐन’पासून सुरू होतो आणि वर्णांचीं स्थानें पाहत पाहत ओठांपर्यंत येतो. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य हा आपल्या मुलांना घोकविलेला क्रम ज्याच्या अंगीं मुरला आहे, त्याला हा कोश परका वाटणार नाहीं. खलीलनें ही कल्पना हिंदुस्थानांतून घेतली कीं ती त्याला स्वतंत्रपणें सुचली, याविषयीं पंडितांत वाद आहे. मला त्याचा उपयोग एवढाच झाला कीं, मास्तर ज्याला ‘मख़रज’ म्हणत त्याला आमच्या घरीं ‘स्थान’ म्हणत आले, हें ध्यानांत येतांच आमचें एकमेकांशीं चटकन जमलें.

उच्चार शिष्याकडे आणि अर्थ माझ्याकडे, अशी वांटणी झाल्यावर पुढचें काम हलकें झालें. अरबी शब्दांचें भांडवल मराठी माणसाजवळ न मागतां पडून असतें. १४९० सालीं अहमद निजामशहानें स्वतंत्र गादी स्थापिली आणि पुढें थोड्याच वर्षांत नगर शहर वसविलें, ज्याचें नांव आतां अहिल्यानगर झालें आहे. त्या दरबारची भाषा फारसी, आणि फारसीच्या पोटांत अरबी. कचेरीचे, बाजाराचे, शेतसाऱ्याचे शब्द आधीं बहामनी अमलांत आणि मग निजामशाहींत मराठीला चिकटले. शिवाजीमहाराजांच्या आज्ञेनें रघुनाथपंडितांनीं राज्यव्यवहारकोश रचून त्यांच्या जागीं संस्कृत शब्द सुचविले. पुढें १९२५ सालीं माधवराव पटवर्धनांनीं, म्हणजे कवि माधव जूलियन यांनीं, फारसी-मराठी कोश प्रसिद्ध करून त्यांचीं मुळें दाखविलीं. बोलणाऱ्यांच्या तोंडीं मात्र ते राहिले ते राहिलेच.

हे शब्द सुटे शिकवूं नयेत, कुळानें शिकवावेत. ‘ह-स-ल’ हा धातु घ्या. हातीं येणें, पदरीं पडणें, हा त्याचा अर्थ. त्यापासून महसूल, तहसील आणि हशील हे तिन्ही शब्द झाले. “एवढ्या रात्रीं जागून काय हशील?” असें भाभी मास्तरांना रोज विचारीत, आपण अर्धें वाक्य अरबींत बोलतों, हें त्यांना कोठें ठाऊक होतें! ‘न-ज़-र’ म्हणजे पाहणें. त्यापासून नजर, कोर्टांतला नाजर, आणि मंजूर. साहेबाच्या नजरेखालून गेलें तें मंजूर झालें, असें समजावें. दुकान तिकडेही दुकानच, साबण ‘साबून’, आणि मास्तर जन्मभर शिवीत आले तो कमीज ‘क़मीस’. सुई म्हणजे ‘इब्रा’. दवाखान्यांतल्या टोंचण्याच्या सुईलाही ‘इब्रा’च म्हणतात, हें सांगितलें तेव्हां मास्तर म्हणाले, “म्हणजे हा शब्द मी विसरायचा नाहीं. माझें पोटही त्यावर आणि तिचा जीवही त्यावर.”

खिशाला अरबींत ‘जैब’ म्हणतात. शिंप्याच्या या शब्दांत आपल्या गणिताचा एक धागा अडकलेला आहे. आर्यभटाच्या ग्रंथांतली ‘ज्या’, जिला ‘जीवा’ असेंही म्हणत, अरब ज्योतिष्यांनीं घेतली आणि ‘ज-ब’ अशा दोन व्यंजनांत लिहिली. पुढच्या वाचकांनीं ती ‘जैब’ अशी वाचली. आणि लॅटिन भाषांतरकारांनीं जैबचा शब्दशः अर्थ घेऊन तिला ‘सायनस’ म्हटलें. शाळेंतलीं मुलें त्रिकोणमितींत ‘साइन’ घोकतात ती हीच. शब्द आपल्याकडे आले तसे आपल्याकडून गेलेही आहेत.

परंतु ओळखीचा शब्द हाच नवशिक्याचा मोठा फसवणारा होय. आपला ‘गरीब’ तिकडे परका, अनोळखी माणूस होतो. आपला ‘मजबूत’ म्हणजे बळकट. तिकडे ‘मज़बूत’ म्हणजे बरोबर, बिनचूक. विमानतळावर ‘वुसूल’ अशी पाटी दिसली तर तेथें कांहीं वसूल करीत असतील असें समजून घाबरूं नये. तो आलेल्या उतारूंचा मार्ग आहे, कारण वुसूल म्हणजे पोंचणें. आणि सर्वांत गंमतीचा शब्द ‘तक्रार’. मूळ अरबींत त्याचा अर्थ आवृत्ति, पुन्हां पुन्हां करणें. एकच रडगाणें पुनःपुन्हां गायल्यानें मराठींत तिला हा अर्थ आला असावा. मास्तरांना मीं सांगून टाकलें, “आजपासून माझ्यापुढें तक्रार करायची ती अरबी अर्थानें.”

मग अंक आले. हा धडा मी विसरणार नाहीं. आमच्या घराण्याकडे पूर्वीं कुळकर्णीपण होतें, आणि माळ्यावर मोडी कागदांचे दोन रुमाल अजून बांधलेले आहेत. जुन्या कागदांवर शुहूर सन असतो, हें वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. हा सन मुहंमद तुघलकाच्या काळीं, १३४४च्या सुमारास सुरू झाला असें मानतात. त्याचें वर्ष मृग नक्षत्रापासून धरतात, म्हणून त्याला मृगसाल म्हणत. आणि त्यांत ५९९ किंवा ६०० मिळविले कीं इसवी सन निघतो. या सनाचे आंकडे अक्षरांनीं लिहीत, आणि तीं अक्षरें मराठी वा संस्कृत नसून अरबी असत : इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा, अशर. शंभर म्हणजे मया, हजार म्हणजे अलफ. अंक शिकवायला हेंच पुस्तक बरें, म्हणून मीं एक रुमाल खालीं आणून सोडला, आणि एका कागदावरचें साल मोठ्यानें वाचलें : “शुहूर सन इसन्ने सबैन मया व अलफ.” दोन, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे ११७२, म्हणजे इसवी सन १७७१-७२.

मास्तरांनीं मला थांबविलें. “अलफ काय म्हणालास?”

“हजार.”

“आणि शुहूर?”

“महिने. एक महिना असला तर ‘शहर’.”

ते बराच वेळ बोलले नाहींत. मग त्यांनीं सांगितलें कीं, कुराणांत एका पुण्यरात्रीची थोरवी सांगणारें एक लहानसें प्रकरण आहे. तें त्यांना सातव्या वर्षापासून पाठ आहे, आणि हे दोन्ही शब्द त्यांत लागोपाठ येतात. त्या प्रकरणाचा भावार्थ त्यांनीं मौलवींकडून उर्दूंत अनेकदां ऐकला होता. परंतु त्यांतला हजार कोणता आणि महिना कोणता, हें आयुष्यांत कधीं कळलें नव्हतें. “पंत,” ते म्हणाले, “पंचावन्न वर्षें मी हें म्हणतोंय. आज पहिल्यांदा त्यांतला एक शब्द माझ्याशीं बोलला. आणि बोलला तो तुझ्या पणजोबाच्या कागदांतून.”

मला त्यांचें कौतुक वाटलें, आणि लगेच स्वतःची लाज वाटली. कारण ज्या कुळकर्ण्यानें तो कागद लिहिला, त्यालाही ‘अलफ’ची अरबी ठाऊक असेलच असें नाहीं, वडिलांनीं लिहिलें तसें त्यानें लिहिलें. आणि मी? आठव्या वर्षीं घेतलेली संध्येची संथा माझ्या जिभेवर आजही बिनचूक आहे. तिच्यांतल्या किती शब्दांचा अर्थ मला विचारला तर सांगतां येईल? मास्तरांच्या घरीं अरबी नमाजांत होती, आमच्या घरीं दप्तरांत. त्यांच्या घरीं अर्थावांचून स्वर जपला गेला, आमच्या घरींही तसाच. मीं हें आईला बोलून दाखविलें. ती म्हणाली, “अर्थ कळला नाहीं म्हणून म्हणायचें सोडूं नये. आणि म्हणतां येतें म्हणून विचारायचें राहूं देऊं नये.” त्या रात्रीपासून मास्तर रोज दोन शब्द घेऊन येऊं लागले आणि मी त्यांचे अर्थ शोधूं लागलों. ‘यौम’ म्हणजे दिवस. ‘सिरात’ म्हणजे वाट. आणि गिऱ्हाइकाला आपण रोज हांक मारतों तो ‘मालक’ मुळांत कोणाविषयीं म्हणायचा शब्द आहे, तेंही त्यांना उमगलें.

या वयांत हें कसलें वेड, असें गांवांत कोणीं म्हटलें नाहीं असें नाहीं. त्यांना मीं विनोबांचें उदाहरण दिलें. कुलाबा जिल्ह्यांतल्या गागोद्याच्या भावे घराण्यांत १८९५ सालीं जन्मलेला हा ब्राह्मण कुराण मुळांतून वाचतां यावें म्हणून प्रौढपणीं अरबी शिकला, तिच्या उच्चारांवर त्यानें संथेसारखेच श्रम घेतले, आणि १९६२ सालीं त्यानें केलेली कुराणांतील निवडक वचनांची मांडणी ‘कुराण-सार’ या नांवानें पुढें आली. दुसरें उदाहरण तर आमच्या जिल्ह्याच्याच ठिकाणचें आहे. ९ ऑगस्ट १९४२ नंतर नगरच्या किल्ल्यांत जी पुढारीमंडळी कोंडली गेली, त्यांत मौलाना अबुल कलाम आझाद होते. त्यांचा जन्म १८८८ सालीं मक्केस झाला, आई अरब, म्हणून अरबी ही त्यांची खरोखरच मातृभाषा. त्याच भिंतींच्या आंत आपले शंकरराव देव होते, संस्कृत-पालीचे जाणते आचार्य नरेंद्र देव होते, आणि जवाहरलाल ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहीत होते. मौलानांनीं तेथें लिहिलेलीं, आणि त्या वेळीं टपालांत पडूं न शकलेलीं पत्रें १९४६ सालीं ‘गुबारे खातिर’ या नांवानें प्रसिद्ध झालीं. तुरुंगाच्या कोठडींत जर माणसें एकमेकांच्या भाषेचा आदर करूं शकतात, तर मोकळ्या ओसरीवर आम्हीं कां करूं नये?

आतां कोणती अरबी शिकवावी, हा प्रश्न सुटावयाचा होता. ती एक भाषा नाहीं. ग्रंथांची, वर्तमानपत्रांची व प्रवचनांची एक. आणि घरांत, रस्त्यावर बोलण्याची दर देशागणिक निराळी. संस्कृत नाटकांत राजा संस्कृत बोलतो आणि दासी प्राकृत; तिकडे एकच माणूस व्यासपीठावर राजा असतो आणि घरीं येऊन दासीची भाषा बोलतो. ‘कोठें’ याला ग्रंथांत ‘ऐन’, मस्कतला मी ऐकत आलों तें ‘वेन’, आणि मक्का-मदिनेच्या हिजाज प्रांतांत ‘फेन’. पाण्याला ग्रंथांत ‘मा’, हिजाजांत ‘मोया’. नवशिक्यानें यांतल्या एकीच्या मागें लागून दुसरी टाकूं नये. विभक्तीचे प्रत्यय गाळून साधी ग्रंथांतली वाक्यें बोललीं तर तीं सगळीकडे समजतात. त्यांत त्या प्रांताचे पांच-सहा शब्द घालावे, म्हणजे उत्तरही समजतें. आपण बोललेलें दुसऱ्यास कळलें, पण त्याचें उत्तर आपणांस कळलें नाहीं, तर तें बोलणें पुरें झालें नाहीं.

अशीं वीस वाक्यें मीं निवडलीं. त्यांपैकीं चार सर्वांत वर : ‘लौ समह्त’, कृपा करून, ‘साइदनी’, मला मदत करा, ‘ज़ौजती मरीदा’, माझी पत्नी आजारी आहे, ‘इन्दहा सुक्कर’, तिला मधुमेह आहे. बाईशीं बोलतांना ‘लौ समह्त’चें ‘लौ समह्ती’ होतें. पण ‘आलास’ आणि ‘आलीस’ यांतला भेद लहानपणापासून पाळणाऱ्या मराठी माणसाला हें जड जात नाहीं. भाभींनाही मीं तीन वाक्यें करून घ्यावयास लावलीं, कारण आजारी माणसाला स्वतःपुरतें बोलतां आलें पाहिजे. आणि शब्दांवर सारा भार न टाकतां, त्यांच्या आजाराचें व औषधांचें नांव लिहिलेला डॉक्टरांचा कागद भाभींच्या पिशवींत कायम ठेवावयाचा, असेंही ठरलें.

मग घरानें मास्तरांचा ताबा घेतला. एकत्र कुटुंबाचा हा एक लाभ आहे कीं, नाटक बसवावयाचें तर पात्रें घरचींच मिळतात. धाकट्या भावाचा नातू दारावरचा पहारेकरी झाला. मराठी शब्द ऐकला कीं त्यानें मान हलवावयाची. आई झोंपाळ्यावर डोळे मिटून रोगी झाली, आणि हें काम तिनें इतक्या आवडीनें केलें कीं धडा संपला तरी ती उठेना. काज करीत असतां, कपडा बेतीत असतां, खडूची रेघ अर्धी ओढलेली असतां मुलें दुकानांत शिरत आणि एकदम अरबींत प्रश्न टाकीत. एके रात्रीं दोन वाजतां मीं स्वतः त्यांना टेलिफोन केला आणि ‘फेन ज़ौजतक?’ म्हणजे ‘तुझी बायको कोठें आहे?’ असें विचारलें. मास्तर झोंपेंत होते. तरी त्यांनीं चारही वाक्यें घडघडां म्हटलीं, आणि मग मराठींत मला यथेच्छ शिव्या दिल्या. शांतपणीं आठवलेली भाषा निराळी आणि घाबरल्यावर आठवलेली निराळी. दुसरी यावी म्हणूनच तक्रार करावयाची, अरबी अर्थानें.

यथाकाळ तीं दोघें गेलीं. तिसऱ्या आठवड्यांत एके सकाळीं मास्तरांचा टेलिफोन आला. मक्केच्या उताऱ्याच्या जागीं पहांटे भाभींना दरदरून घाम फुटला, त्या असंबद्ध बोलूं लागल्या, आणि मग बोलेनाशा झाल्या. मास्तरांनीं जवळची साखर त्यांच्या गालांत घातली, शेजारच्या बाईंना जवळ बसविलें आणि ते जिना उतरून धांवले. दारावर जो पहारेकरी होता त्याला उर्दूचा एक शब्द येत नव्हता. मास्तर म्हणाले, “पंत, मला आपल्या ओसरीवरचा पोरगाच समोर दिसला. मीं चारही वाक्यें म्हटलीं. तो एकदांही ‘काय?’ म्हणाला नाहीं.” दहा मिनिटांत गाडी आली. रुग्णालयांत जी परिचारिका होती ती केरळची. ती मास्तरांशीं चांगल्या हिंदींत बोलली, आणि त्यांची पुढची सगळी अरबी न वापरतां परत आली. पांच महिन्यांच्या शिक्षणांतून उपयोगीं पडलीं तीं चार वाक्यें. त्या चार वाक्यांनीं दार उघडलें, आणि भाभी दुसऱ्या दिवशीं उठून बसल्या.

तीं सुखरूप परत आलीं त्या दिवशीं मास्तरांनीं माझ्या आईपुढें खजुरांची पुडी ठेवली आणि माझ्याकडे वळून म्हटलें, “काय साहिब?” मीं म्हटलें, “मला कधींपासून साहेब म्हणूं लागलास?” ते म्हणाले, “साहेब नव्हे, साहिब. तिकडे एका म्हाताऱ्याला मीं विचारून आलों. त्यांच्याकडे साहिब म्हणजे सोबती. आपल्याकडे तो खुर्चीवर जाऊन बसला एवढेंच.” हा अर्थ मला ठाऊक होता, पण मीं तो शिकविला नव्हता. शिष्य गुरूला न शिकविलेला शब्द आणून देतो, तेव्हां संथा पुरी झाली असें समजावें.

आतां मास्तर आले कीं आम्ही दोन शब्द त्यांचे घेतों आणि दोन माझे. माझे म्हणजे संध्येंतले. मुंजींत पाठ केलेल्या मंत्रांचे अर्थ साठीनंतर शोधावयास बसलेला मी, आणि समोर टेप गळ्यांत घालून ऐकत असलेले मास्तर, असें हें आमचें वर्ग चालविणें आहे. माळ्यावरचा दुसरा रुमाल अजून सोडावयाचा आहे. वाचकहो, असा एखादा रुमाल आपल्याही घरीं असेल. कागदाचा नसला तर पाठांतराचा असेल. घरांत वडीलमाणूस आहे तोंवर तो सोडून पाहावा, आणि शेजारच्या मास्तरांनाही ओसरीवर बोलवावें. त्यांतल्या एखाद्या शब्दाची किल्ली त्यांच्याजवळ असण्याचा संभव आहे.